न बांधलेल्या घरांत भरणारा वर्ग

वास्तुविद्येच्या महाविद्यालयांत इतर विद्यालयांत सहसा न आढळणारें असें एक दालन असतें. त्यांत फळ्याकडे तोंड करून मांडलेले बांक नसतात, आणि व्याख्यानही चाललेलें नसतें. मोठमोठीं टेबलें असतात, त्यांवर कागद पसरलेले असतात. पुठ्ठ्याचे तुकडे, कात्री, डिंकाची बाटली असा पसारा असतो, आणि शिक्षक एका टेबलाकडून दुसऱ्या टेबलाकडे जात असतात. ते विद्यार्थ्याच्या शेजारीं स्टूल ओढून बसतात, त्याच्या आराखड्यावर पातळ ट्रेसिंग पेपर ठेवितात आणि बोलतां बोलतां त्यावर रेघा मारूं लागतात. ह्या दालनाला स्टुडिओ म्हणतात. पांच वर्षांच्या अभ्यासक्रमाचा कणा तो हाच. घर, शाळा, दवाखाना, बाजार अशा इमारतींची कल्पना करावयास विद्यार्थी येथें शिकतो. आणि ह्या इमारती कधींच बांधल्या जावयाच्या नसतात.

श्रोतेहो, गेल्या तीस-पस्तीस वर्षांत ह्या दालनाच्या भिंती नाहींशा करण्याचे अनेक प्रयोग झाले. कोठें निरनिराळ्या खंडांतील विद्यार्थी संगणकाच्या द्वारें एकाच इमारतीवर काम करूं लागले, तर कोठें डोळ्यांवर यंत्र चढवून विद्यार्थी स्वतःच्याच न बांधलेल्या घरांत हिंडूं लागले. ह्या दोन्ही प्रकारांना 'आभासी' हें एकच विशेषण लावतात, त्यामुळें पुष्कळ घोंटाळा होतो. एकांत माणसांमधील अंतर नाहींसें करावयाचें असतें. दुसऱ्यांत माणूस व इमारत ह्यांमधील. दोहोंचे गुण निराळे, दोष निराळे. आज त्यांचा विचार करावयाचा आहे तो एकाच कसोटीवर. मूळ स्टुडिओंत जें शिक्षण होतें, त्याला हीं साधनें हातभार लावतात कीं त्याच्या आड येतात?

तें शिक्षण म्हणजे काय, हें आधीं पाहिलें पाहिजे. स्टुडिओची ही रीत पॅरिसमधील एकोल दे बोझार ह्या प्रख्यात कलाशाळेच्या परंपरेंतून जगभर पसरली. तेथील विद्यार्थी एखाद्या नामांकित वास्तुविशारदाच्या कार्यशाळेंत दाखल होत. गुरु आठवड्यांतून थोडाच वेळ येत. बाकीचा सारा वेळ नवे विद्यार्थी जुन्यांच्या हाताखालीं त्यांचीं चित्रें पुरीं करण्यास मदत करीत आणि तें करतां करतां शिकत. मुदतीच्या दिवशीं कामें गोळा करून नेण्यास हातगाडी येई, आणि गाडी चालूं लागली तरी कांहीं मुलें तिच्याबरोबर धांवत शेवटचे हात फिरवीत असत, असें सांगतात. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंत १९१३ सालीं वास्तुविद्येचा रीतसर अभ्यासक्रम सुरू झाला, तेव्हां आपल्याकडेही स्टुडिओ आला.

ह्या शिक्षणाचें मर्म शोधण्याचा प्रयत्न अमेरिकेंतील डोनाल्ड शॉन ह्या विचारवंतानें केला. त्याचा 'द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर' हा ग्रंथ १९८३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत एका स्टुडिओंतील शिक्षक व विद्यार्थिनी ह्यांचा प्रत्यक्ष संवाद टिपलेला आहे. विद्यार्थिनी एका उतारावर शाळा बसवीत आहे. तिनें वर्गखोल्या आधीं सुट्या सुट्या कल्पिल्या होत्या; त्या फार लहान वाटल्या म्हणून तिनें त्यांना काटकोनी वळणाचा आकार दिला; पण इमारत कांहीं केल्या त्या वेड्यावांकड्या जमिनीवर बसेना. शिक्षक तिच्या चित्रावर कागद टाकून रेघा काढूं लागतो. उताराशीं खेळतां खेळतां खोल्यांची पातळी कोठें चढते, कोठें उतरते, आणि दोन पातळ्यांच्या मध्यें मुलांना बसावयास जागा कशी निघते, हें तिला दिसूं लागतें. शॉननें एक गोष्ट मोठ्या मार्मिकपणें टिपली आहे. ह्या संवादांत 'हें', 'येथें', 'असें' हे शब्द पदोपदीं येतात आणि चित्र समोर नसेल तर त्यांतील निम्मा अर्थ हरवतो. नभोवाणीवर तो संवाद जसाच्या तसा ऐकविला, तर आपणांस कशाचाच बोध व्हावयाचा नाहीं! बोलणें आणि रेघ मिळून तेथें एकच भाषा होते.

आणखी एक गोष्ट ह्या ग्रंथांतून लक्षांत येते. शिक्षकाला उत्तर ठाऊक असतें व तो तें सांगतो, असें येथें घडत नाहीं. तोही त्या जमिनीपुढें नवखाच असतो. फरक इतकाच कीं, अपुऱ्या चित्राशीं कसें बोलावें, एक रेघ मारून तिचा परिणाम कसा पाहावा आणि पटला नाहीं तर ती कशी सोडून द्यावी, हें त्याला साधलेलें असतें. विद्यार्थी शिकतो तें हें वागणें. म्हणून स्टुडिओंत अपुऱ्या कामाला फार महत्त्व आहे. पुरें झालेलें चित्र पाहून गुण देतां येतात, पण त्यावर कागद टाकून पुढें विचार करतां येत नाहीं.

आतां डोळ्यांवर चढवावयाच्या यंत्राकडे वळूं. १९६३ सालीं इव्हान सदरलंड ह्या तरुण संशोधकानें 'स्केचपॅड' नांवाची योजना सिद्ध केली. तिच्यामुळें संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणीनें चित्र काढतां येऊं लागलें. त्याच सदरलंडनें १९६८ सालीं डोक्यावर बसविण्याचें दर्शनयंत्र तयार केलें. तें इतकें अवजड होतें कीं छताला टांगावें लागे, आणि त्यांतून दिसत त्या केवळ प्रकाशाच्या रेघांनीं काढलेल्या आकृती. सामान्य ग्राहकाला विकत घेतां येतील अशीं समर्थ यंत्रें, म्हणजे आजचे 'हेडसेट', २०१६ सालापासून बाजारांत आलीं. त्यांची युक्ति अशी कीं, दोन डोळ्यांपुढें किंचित् भिन्न अशीं दोन चित्रें धरावयाचीं; मेंदू त्यांचें एकच सखोल दृश्य बनवितो. मान वळली कीं चित्रही त्याच प्रमाणांत वळलें पाहिजे, आणि तेंही सेकंदाच्या सुमारें पन्नासाव्या भागाच्या आंत. तेवढा विलंबही लागूं नये म्हणून चांगल्या यंत्रांत सेकंदाला नव्वद चित्रें दाखवितात. ह्यांत चूक झाली, किंवा शरीर एका जागीं असतांना डोळ्यांना मात्र चालत असल्याचा भास झाला, तर कानांतील तोल सांभाळणारें इंद्रिय व डोळे ह्यांच्यांत मतभेद होतो आणि घाटांत बस लागते तसें मळमळूं लागतें.

ह्या यंत्राचा वास्तुविद्येला खरा उपयोग कोणता, हें एका साध्या जिन्यावरून सांगतों. समजा, एका मजल्याची उंची तीन मीटर आहे. पायरी पंधरा सेंटिमीटर उंच धरली, तर वीस चढ होतात. दहा चढल्यावर चौक, मग वळून पुन्हां दहा, असा जिना विद्यार्थी काढतो. चौकाच्या खालीं जागा मोकळी राहिली म्हणून तेथेंच तो घराचें मागील दार ठेवून देतो. वरून पाहिलेल्या नकाशांत हें सारें नीटनेटकें दिसतें. परंतु चौकाची उंची जमिनीपासून दीड मीटर, त्यांतून पंधरा सेंटिमीटर स्लॅबचे वजा करा. उरले एक मीटर पस्तीस! म्हणजे ह्या दारांतून घरमालकाला कंबरेंत वांकून आंत यावें लागणार. अनुभवी डोळ्याला हें नकाशावरूनच उमगतें. छेदचित्र काढलें तर नवख्यालाही उमगावें. पण नवखा छेदचित्र नेमकें त्या ठिकाणीं काढीत नाहीं. हेडसेट घालून तोच विद्यार्थी त्या दाराकडे चालूं लागला, कीं स्लॅब त्याच्या छातीशीं येतो. एक शब्दही न बोलतां त्याला आपली चूक कळते.

नकाशा हा मनांतल्या मनांत उभा करून वाचावयाचा असतो. ही विद्या यावयास दोन-तीन वर्षें लागतात, आणि ती न आल्यामुळें पुष्कळ मुलें पहिल्या वर्षांत खचून जातात. आपल्याला बुद्धीच नाहीं असें त्यांना वाटूं लागतें. अशा मुलांना न बांधलेल्या खोलींत प्रत्यक्ष उभें राहावयास मिळणें, हा मी ह्या यंत्राचा सर्वांत मोठा उपकार समजतों. छत अडीच मीटरांवरून तीन मीटरांवर नेलें कीं मनाला काय वाटतें, खिडकीचा कठडा बसल्यावर डोळ्यांच्या आड येतो कीं नाहीं, हे प्रश्न सांगून समजत नाहींत.

तथापि यंत्र जें दाखवितें तें सारें खरें, असेंही नव्हे. अशा यंत्रांतून पाहतांना माणसाला अंतरें प्रत्यक्षाहून कमी भासतात, असें प्रयोगांतून वारंवार दिसून आलें आहे. नव्या यंत्रांत हा दोष कमी झाला आहे, पण पुरता गेलेला नाहीं. म्हणजे दालन आहे त्याहून आंखूड वाटणार, आणि विद्यार्थी तें उगाच वाढवीत बसणार. ह्यावर उपाय फार जुना आहे. क्लॉड बॅटली हे १९२३ पासून १९४३ पर्यंत जे. जे. मध्यें वास्तुविद्येचे प्रमुख प्राध्यापक होते. जुन्या भारतीय इमारतींचीं मापें प्रत्यक्ष घेऊन त्यांचीं प्रमाणबद्ध चित्रें काढण्यावर त्यांचा मोठा भर असे. १९३४ सालच्या त्यांच्या ग्रंथांत अशीं चित्रें भरपूर आहेत. ज्यानें एखादी कमान, एखादा जिना स्वतःच्या हातानें टेपनें मोजला आहे, त्याच्या अंगांत मापें मुरलेलीं असतात. म्हणून हेडसेट देण्यापूर्वीं विद्यार्थ्याला ज्या खोलींत तो उभा आहे तीच मोजावयास लावावी, ती संगणकांत उभी करावयास लावावी आणि मग यंत्रांतून तिच्याकडे पाहावयास सांगावें. यंत्र कोठें व किती फसवितें, हें त्याचें त्यालाच कळतें.

फसवणुकीचा दुसरा एक प्रकार मोठा गमतीचा आहे. २००३ सालीं 'सेकंड लाइफ' नांवाचें एक आभासी जग इंटरनेटवर सुरू झालें. तेथें प्रत्येक जण स्वतःची एक बाहुली चालवितो, जमीन घेतो, घरें बांधतो. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड येथील कांहीं विद्यापीठांनीं आपले स्टुडिओ तेथें भरविले. विद्यार्थी व शिक्षक दोघेही बाहुल्यांच्या रूपानें एकाच जागीं उभे राहत आणि त्यांच्या डोळ्यांदेखत भिंती सरकवितां येत. पण त्या जगांत पाऊस पडून घर गळत नाहीं. खांब काढून घेतला तरी छप्पर अधांतरीं राहतें. बाहुल्यांना उडतां येत असल्यामुळें जिन्याचीही गरज नाहीं! शिवाय पाहणाऱ्याचा डोळा बाहुलीच्या मागें व जरा वर असे. साधारण उंचीच्या खोलींत तो डोळा छतांत किंवा भिंतींत अडके. त्यामुळें तेथील घरांचीं दारें व छतें भलतीच उंच करावीं लागत. इतके दिवस तेथें काम केलेला विद्यार्थी खऱ्या घराचें माप विसरला, तर त्याला दोष कसा द्यावा? ज्या जगाचा जो नियम, तो तेथील वास्तूला घडवितो, हें शिकविण्यासाठीं मात्र ह्याहून चांगलें उदाहरण नाहीं. आणि सुज्ञ शिक्षकांनीं तेथें घरें बांधून घेण्यापेक्षां नेमका हाच विचार करून घेतला.

आतां दुसरा प्रकार. माणसांमधील अंतर नाहींसें करण्याचा. १९९२ सालीं कॅनडांतील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठ आणि अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठ ह्यांच्या विद्यार्थ्यांनीं संगणकाच्या जाळ्यावरून चित्रांची देवाणघेवाण करून एकत्र काम केलें. पुढें हाँगकाँग व इतर ठिकाणचीं विद्यापीठें त्यांत सामील झालीं आणि 'व्हर्च्युअल डिझाइन स्टुडिओ' हें नांव रूढ झालें. तेव्हां आजच्यासारखीं चलच्चित्रें सहज पाठवितां येत नसत. एक चित्र धाडावें, दुसऱ्या टोकाला तें उघडेपर्यंत थांबावें, मग उत्तराची वाट पाहावी, असा तो पत्रव्यवहारच होता.

ह्या मालिकेंतील मला विशेष वाटणारा प्रयोग १९९७ सालचा. हाँगकाँग, स्वित्झर्लंडमधील झुरिक आणि अमेरिकेंतील सिअ‍ॅटल ह्या तीन शहरांतील विद्यापीठांनीं तो आठवडाभर चालविला. पृथ्वीच्या नकाशावर हीं शहरें एकमेकांपासून अजमासें आठ-आठ तासांच्या अंतरावर आहेत. हाँगकाँगला संध्याकाळचे सहा वाजले, कीं हिवाळ्यांत झुरिकला सकाळचे अकरा होतात आणि सिअ‍ॅटलला रात्रीचे दोन. एका गांवचे विद्यार्थी दिवसाचें काम संपवून निजावयास जात, तों दुसरीकडचे तें उचलून पुढें नेत. काम चोवीस तास चाले आणि कोणालाही जागरण पडत नसे. (आमच्या विद्यार्थ्यांना ही शेवटची गोष्ट परीकथेसारखी वाटेल.) विषय होता सिअ‍ॅटलजवळच्या समुद्रांतील एका बेटावर एक चिनी चित्रकार व एक स्विस लेखक ह्यांच्यासाठीं घर बांधण्याचा.

ह्यांतील खरी गोम वेळेच्या सोयींत नव्हती. सर्वांचीं कामें एका सामाईक संग्रहांत ठेवलेलीं असत, आणि टप्पा संपला कीं विद्यार्थ्यानें त्या संग्रहांतून दुसऱ्या कोणाचें तरी काम निवडून तें पुढें न्यावयाचें असे. एरव्हीं शेजाऱ्याचें पाहून काढणें हा वर्गांतला गुन्हा. येथें तोच पाठ झाला. कोणतें काम उचलावें हें ठरविण्यासाठीं विद्यार्थ्याला इतरांचीं सर्व चित्रें काळजीपूर्वक वाचावीं लागत, आणि त्यांत पुढें वाढण्याचें बळ कशांत आहे हें पारखावें लागे. एखाद्या कल्पनेला अनेक फांद्या फुटत, एखादी तेथेंच खुंटे. शेवटीं घर कोणाचें, ह्या प्रश्नाला उत्तर देतां येत नसे. पण तें कोणकोणत्या हातांतून आलें, ह्याची वंशावळ मात्र पाहतां येई. खऱ्या जगांत मोठी इमारत अशीच अनेकांच्या हातून उभी राहते. स्वतःच्या कल्पनेचा मोह सोडून दुसऱ्याच्या कल्पनेंतील चांगलें वाढवावयास शिकविणें, हें आमच्या भिंतींच्या आंतल्या स्टुडिओंनाही फारसें जमलेलें नाहीं.

हे प्रयोग हौसेचे होते. २०२० सालीं ती हौस राहिली नाहीं. २५ मार्चपासून देशांत टाळेबंदी लागू झाली, वसतिगृहें त्यापूर्वींच रिकामीं होऊं लागलीं होतीं, आणि वास्तुविद्येचे सारे विद्यार्थी आपापल्या घरीं गेले. कोणी रत्नागिरीकडे, कोणी नांदेडकडे, कोणी मुंबईंतील दोन खोल्यांच्या घरांत. ट्रेसिंग पेपरची जागा संगणकाच्या पडद्यानें घेतली. त्या दिवसांत मीं जवळून पाहिलें तें असें. शिक्षक प्रत्येक मुलाला दहा मिनिटें देत. मूल आपलें चित्र दाखवी, शेरा ऐके, आणि पाळी संपतांच निघून जाई. बाकीच्यांचे चेहरे नाहींत, नुसते काळे चौकोन. घरांत एकच फोन असेल तर तो धाकट्या भावाच्या शाळेसाठींही हवा असे. कोणी गच्चीवर चढून, कोणी वेशीबाहेरच्या चढावर उभें राहून बोलत असे.

सर्वांनीं गाऱ्हाणें केलें तें जाळें तुटण्याचें. वस्तुतः त्याहून मोठें नुकसान निराळेंच होतें, आणि तें कोणाच्या लक्षांत येत नव्हतें, कारण तें कोणी कधीं वेळापत्रकांत लिहिलेलेंच नव्हतें. शेजारच्या टेबलावर चाललेलें बोलणें कानांवर पडणें बंद झालें होतें. स्टुडिओंत स्वतःच्या दहा मिनिटांपेक्षां इतरांच्या तीन तासांतून मूल अधिक शिकतें. तिकडे कोणाचा जिना चुकला, इकडे कोणी पुठ्ठ्याचा तुकडा उलटा ठेवला आणि त्यांतून नवेंच छप्पर निघालें. पाळी घेऊन भेटावयाच्या पद्धतींत हें सारें गाळलें जातें. दवाखान्यांत जसे रोगी एकामागून एक आंत जातात, तसा तो स्टुडिओ झाला होता.

जेथें शिक्षकांनीं हें ओळखलें, तेथें मांडणी बदलली. पांच-पांच मुलांचे गट केले आणि गटांतील प्रत्येकानें शेवटपर्यंत थांबलें पाहिजे असें ठरविलें. एक सामाईक फलक रात्रंदिवस उघडा ठेवला, आणि त्यावर प्रत्येकानें रोजचें काम, म्हणजे हातचें कच्चें चित्र किंवा पुठ्ठ्याच्या मॉडेलचें साधें छायाचित्र, लावावयाचें. असें छायाचित्र लहान असतें. जाळें कितीही अशक्त असलें तरी तें रात्रींतून जातें. ज्याला तासाला हजर राहतां येत नाहीं, तोही सकाळीं शेजाऱ्याचें टेबल पाहूं शकतो. १९९२ सालचा तो पत्रव्यवहार येथें पुन्हां उपयोगी पडला. समोरासमोर बोलण्याची नक्कल करण्यापेक्षां पत्राचा जो गुण आहे, तोच हातीं घेणें अधिक शहाणपणाचें ठरलें. पुस्तकांच्या दोन चळतींवर आडवी पट्टी ठेवून तिच्यावर फोन पालथा बसविला, कीं खालीं चित्र काढणारा हातही दिसतो. शिक्षकाचाही आणि विद्यार्थ्याचाही.

टाळेबंदीचा एक लाभही झाला. बांधकामाची जागा पाहावयास जाणें अशक्य होतें. रस्त्यांचीं सलग छायाचित्रें दाखविणारी गूगलची सोय आपल्याकडे मुंबई, पुणें, नाशिक अशा कांहीं शहरांसाठीं २०२२ च्या जुलैंत आली. २०२० सालीं तीही नव्हती. तेव्हां कित्येक ठिकाणीं शिक्षकांनीं मुलांना सांगितलें, स्वतःचें घर मोजा, आपली गल्ली मोजा. ओटी, माजघर, परसू ह्या शब्दांमागें किती फूट, किती ऊन आणि किती माणसें आहेत, हें त्या मुलांनीं प्रथमच पाहिलें. आजीला उंबरा ओलांडतांना कोठें हात टेकावा लागतो, हें टिपून आणलेली चित्रें मीं पाहिलीं आहेत. बॅटलीसाहेबांना तीं आवडलीं असतीं.

ह्या सर्व साधनांत एक धोका मात्र समान आहे, आणि तो मला सर्वांत मोठा वाटतो. संगणकावर काढलेलें चित्र पहिल्या दिवसापासून पुरें झाल्यासारखें दिसतें. पेन्सिलीची रेघ डळमळीत असेल तर ती स्वतःच सांगते, कीं माझें अजून ठरलेलें नाहीं. संगणकाला असें संकोचणें ठाऊक नाहीं. चार भिंती उभ्या केल्या, बटण दाबलें, कीं कांचेंत मावळतीचा सूर्य चमकतो, अंगणांत झाडें डोलतात आणि तयार माणसें हातांत पेले घेऊन उभीं राहतात. हेडसेटमध्यें तर हा मोह दसपट होतो. मग चर्चा कशाची होते? लाद्यांच्या रंगाची! वारा कोठून येणार, पावसाचें पाणी कोठें जाणार, स्वयंपाक करणारीला दार दिसतें कीं नाहीं, हे प्रश्न त्या झगमगाटांत विचारावयाचे राहून जातात. विद्यार्थीही तें चित्र मोडावयास तयार नसतो. त्यानें रात्रभर जागून तें सजविलेलें असतें. शिक्षकानें त्यावर रेघ मारली तर त्याला ती जखम वाटते. ज्या अपुरेपणावर स्टुडिओचें सारें शिक्षण उभें आहे, तोच अशा रीतीनें नाहींसा होतो.

म्हणून आभासी स्टुडिओंत पहिले कांहीं आठवडे रंग, लाकूड, कांच, झाडें, सूर्यास्त सर्व वर्ज्य असावें, असें माझें मत आहे. नुसत्या करड्या भिंती, आणि एक माणूस उभा, तोही करडाच. हेडसेट घालावयाचा तो गुण मिळविण्यासाठीं नव्हे, शंका काढण्यासाठीं. आणि उतरविल्याबरोबर हातानें एक छेदचित्र काढावयाचें, नेमकें जेथें अडखळलें तेथलें. एकानें यंत्र घातलें असतां इतरांनीं तो काय पाहतो तें पडद्यावर पाहावें आणि मोठ्यानें बोलावें. एरव्हीं यंत्र घातलेला माणूस वर्गांत असून नसल्यासारखा होतो, आणि शिक्षकाच्या 'हें', 'येथें' ह्या शब्दांना कांहीं ठिकाणाच राहत नाहीं.

खर्चाचा प्रश्न पालक हमखास विचारतात. चांगला हेडसेट व तो चालविण्याजोगा संगणक ह्यांची किंमत सामान्य घराला जड आहे. पण प्रत्येकाला तो लागतही नाहीं. वर्गाला एक असला आणि दहा-दहा मिनिटें पाळीपाळीनें मिळाला, तरी भागतें. २०१४ सालीं गूगलनें पुठ्ठ्याची एक घडीची चौकट काढली होती. तींत दोन भिंगें बसवून समोर फोन ठेवला कीं काम होई. ती विकणें २०२१ सालीं बंद झालें. पण तिचा नमुना खुला आहे, आणि पुठ्ठा कापण्यांत वास्तुविद्येच्या विद्यार्थ्याचा हात कोण धरणार? तिच्यांत मान वळवून चहूंकडे पाहतां येतें. वांकून किंवा पुढें पाऊल टाकून मात्र पाहतां येत नाहीं. जिन्याखालचें दार तिच्यानें सांपडावयाचें नाहीं, पण खोलींत उजेड कोठून येतो हें कळेल.

सारें शिक्षणच घरबसल्या होणार काय, असेंही विचारतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० सालच्या नियमांत दूरशिक्षणानें किंवा ऑनलाइन पद्धतीनें ज्या विषयांची पदवी देतां येत नाहीं, त्यांत वास्तुविद्या आहे. तेव्हां पांच वर्षें महाविद्यालयांत जावें लागणारच. त्यांतील किती व कोणता भाग भिंतीबाहेर न्यावा, एवढाच प्रश्न आहे. परगांवच्या वास्तुविशारदाला चर्चेस बोलावणें, दुसऱ्या शहरांतील विद्यार्थ्यांशीं कामाची अदलाबदल करणें, सुटींत गांवीं गेलेल्या मुलाचें टेबल उघडें ठेवणें, हें सहज साधण्याजोगें आहे. येत्या वर्षीं ज्यांची मुलें ह्या विद्येकडे वळणार आहेत, त्यांनीं पहिल्या वर्षासाठीं महागड्या संगणकाची घाई करूं नये. पांच मीटरची टेप, जाड कागदाची वही, पुठ्ठा, कात्री आणि छायाचित्र काढणारा साधा फोन एवढ्यावर तें वर्ष उत्तम जातें. संगणकाची खरी गरज पुढच्या वर्षांत पडूं लागते, आणि तो कोणत्या प्रतीचा घ्यावा हें तोंपर्यंत मुलालाच ठाऊक झालेलें असतें.